एका शब्दापायी

आमच्या लोणी काळभोरात इंग्रजी शिकणारी मुलं मला कवी म्हणून शब्दांचे अर्थ विचारतात. ‘डिसरिस्पेक्ट’ सोपा. वडीलधाऱ्यांना अरे-तुरे केलं की ती बेअदबी. (ही ‘अदब’ अरबीतून आली. उर्दूत साहित्यालाही अदबच म्हणतात.) ‘कंटेम्प्ट’ त्याहून कडू, म्हणजे तुच्छता. ‘डिसअफेक्शन’ निघाला, की मात्र मी मुलांना खाली बसवतो. या शब्दाचा अर्थ मुंबई हायकोर्टात लावला गेला आणि त्यापायी लोकमान्य टिळक तुरुंगात गेले.

१८७० साली दंडसंहितेत १२४-अ हे कलम आलं. सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ चेतवणं हा गुन्हा ठरला. १५ जून १८९७च्या ‘केसरी’तल्या मजकुरावरून खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला हा शब्द फोडून सांगितला: अफेक्शन म्हणजे प्रेम, डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. मग द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सगळं त्याच पोत्यात भरलं. उपसर्ग शिकवणाऱ्या मास्तरांचीच ही रीत! अहो, शेजाऱ्यावर माझं प्रेम नसेल, म्हणून मी त्याच्या वाईटावर असतो का? प्रेम नसणं आणि वैर असणं यांत केवढं तरी अंतर आहे. त्या अंतरातच तर वर्तमानपत्र लिहिलं जातं.

सहा युरोपियन ज्यूरर ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ‘निर्दोष’. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. लेखन मराठी आणि निवाडा इंग्रजी भाषांतरावर, हे मला आजही खुपतं. पुढल्याच वर्षी कायदा दुरुस्त करून त्यात ‘कंटेम्प्ट’ही घातला. १९०८च्या खटल्यात टिळकांनी स्वतः उभं राहून भाषांतरातल्या एकेका शब्दावर वाद घातला. उपयोग झाला नाही. सहा वर्षं मंडाले.

१९२२ साली अहमदाबादेत याच कलमाखाली उभे राहिलेल्या गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि प्रेम काही कायद्यानं निर्माण करता येत नाही, असं कोर्टाला सुनावलं. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन सहाच वर्षं दिली. गांधीजींना येरवड्याला आणलं.

मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ला नवी न्याय संहिता लागू झाली. तिच्या १५२व्या कलमात ‘डिसअफेक्शन’ नाही. स्पष्टीकरणात ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’ मात्र आहे. त्याचा अर्थ मी मुलांना नापसंती असा सांगतो.