गाडीला कवच, फवारणाऱ्याला रुमाल

उमेळ्यात लोखंड बाळगायचं म्हणजे खाऱ्या हवेशी रोजचं भांडण. नायगाव आणि वसई रोड स्थानकांच्या शेजारचं हे गाव. दक्षिणेला वसईची खाडी, या पट्ट्यात जुनी मिठागरं, पश्चिमेला थोड्या अंतरावर समुद्र. खिडकीचं ग्रिल असो की टेम्पोचा फाळका, रंगाचा टवका जिथे उडतो तिथे आधी तांबूस डाग येतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भोक पडतं.

याचं कारण साधं आहे. हवेतले मिठाचे बारीक कण पत्र्यावर बसतात आणि ओलावा धरून ठेवतात. त्यातल्या क्लोराइडमुळे गंजाला वेग येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो. वरून फक्त फोड दिसतो, तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणून आता गाड्यांवर नुसता रंग न मारता जाड संरक्षक थर फवारतात. आधी तो ट्रकच्या हौद्यात, चाकांवरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, खालच्या पत्र्यावर असायचा आणि काळा असायचा. आता तोच थर गाडीच्या मूळ रंगात मिळतो. लाल ट्रकला लाल, पांढऱ्याला पांढरा. दगड लागला तरी टवका उडत नाही, आणि वेगळं काही लावलंय हे लांबून कळतही नाही. या न दिसणाऱ्या थरापर्यंत आपण कसे आलो, आणि या प्रवासात रंग मारणाऱ्या माणसाचं काय झालं, त्याची ही गोष्ट आहे.

शेंदूर

वसईच्या किनाऱ्यावर लाकूड टिकवण्याची विद्या जुनी आहे. होड्यांना माशाचं तेल आणि राळ चोपडायची रीत इथल्या कोळ्यांना कोणी शिकवावी लागली नाही. लोखंडाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात आला तो रेल्वेबरोबर. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे उत्तरेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. वाटेत वसईची खाडी होती. तिच्यावरचे पूल लोखंडी खांबांवर उभे राहिले, आणि एवढं लोखंड कायमचं खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या हवेत उभं करायची वेळ आली.

त्या शतकात पूल आणि जहाजं वाचवण्यासाठी जगभर जे वापरलं जाई, ते मराठी माणसाला अगदी ओळखीचं होतं. शेंदूर! मारुतीला आपण लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. इंग्रज त्यालाच 'रेड लेड' म्हणत. जवसाच्या तेलात तो खलला की शिसं आणि तेल मिळून साबणासारखे क्षार तयार होतात. ते लोखंडाच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहतात आणि गंजाची क्रिया रोखतात. म्हणजे शेंदरी रंग हा निव्वळ रंग नव्हता. जो रंग, तेच कवच.

आणि तेच विषही. शेंदूर खरवडताना उडणारी धूळ रंगाऱ्याच्या पोटात जायची. पोटशूळ, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं, ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं युरोपातल्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकात चांगली माहीत होती. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पांढऱ्या शिशाच्या रंगावर निर्बंध घालणारा करार केला. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम निघाले २०१६ मध्ये आणि लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. मधे ९५ वर्षं गेली. शिवाय नियमाच्या नावातच 'घरगुती आणि सजावटीचे' हे शब्द आहेत. औद्योगिक रंग त्याच्या बाहेरच राहिले.

घशातलं औषध

ब्रशनं रंग मारणारा माणूस शिसं मुख्यतः खरवडताना आणि हाताला लागलेलं खात होता. फवारा आल्यावर तो रंग थेट श्वासात घेऊ लागला.

या फवाऱ्याचा जन्म गंमतशीर आहे. अमेरिकेतल्या टोलीडो शहरात ॲलन डिव्हिल्बिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध उडवण्यासाठी त्यांनी एक फवारणी बनवली आणि १८८८ मध्ये तिचा धंदा सुरू केला. पुढे त्यांच्या मुलानं तीच कल्पना वापरून रंगाची गन तयार केली. श्वासाचा मार्ग बरा करायला निघालेलं यंत्र पुढच्या शंभर वर्षांत लाखो पेंटरांच्या श्वासात थिनर सोडणार होतं.

गनला साजेसा रंग १९२०च्या दशकात आला. पहिल्या महायुद्धात नायट्रोसेल्युलोजपासून दारूगोळा बनवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीनं जनरल मोटर्सच्या साथीनं त्याच पदार्थाचं लॅकर बनवलं आणि नाव दिलं 'ड्युको'. आधी मोटारीचे थर वाळायला आठवडे लागत, ड्युको काही तासांत वाळायचा. आपल्याकडे फर्निचरवाले अजूनही सर्रास 'ड्युको मारून देतो' म्हणतात, तो हाच शब्द. तो लवकर वाळतो, कारण त्यातला द्रावक झपाट्यानं उडून जातो. उडून कुठे जातो, हा प्रश्न बराच काळ फार कोणी विचारला नाही.

मुंबईत रंगाची कारखानदारी याच सुमारास उभी राहत होती. १९२० मध्ये लोअर परळला 'गहागन पेंट्स अँड वार्निश' कंपनी निघाली. १९३३ मध्ये ती एका ब्रिटिश समूहानं घेतली. त्या समूहाचं नावच होतं 'लेड इंडस्ट्रीज ग्रुप', म्हणजे शिसे उद्योग समूह. हीच कंपनी पुढे गुडलास नेरोलॅक आणि आज कन्साई नेरोलॅक म्हणून ओळखली जाते. वाहनांच्या रंगात तिचं नाव अजूनही मोठं आहे. १९४२ मध्ये मुंबईतच चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. रंग आणि रंगवायची गाडी, दोन्ही एकाच शहरात.

सुक्या पानाचा तपकिरी

ट्रकची गोष्ट मात्र मोटारीहून वेगळी होती. १९५४ मध्ये टेल्कोनं डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक येऊ लागले. पण ट्रक म्हणजे बहुतेक वेळा नुसती चासी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि बसायला कामचलाऊ फळकूट. ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून ती उघडी चासी शेकडो किलोमीटर हाकत बॉडीवाल्याकडे नेई. मग सुतार हौदा करी, लोहार पट्ट्या ठोकी आणि शेवटी पेंटर येई.

त्यामुळे गंजापासून वाचवण्याचं काम कारखान्यात न होता गॅरेजच्या अंगणात होऊ लागलं. पॉलिश पेपरनं घासायचं, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, पुट्टी भरायची, मग रंग. रेड ऑक्साइड हा लोखंडाचाच ऑक्साइड. दिसायला शेंदराचा भाऊ, पण शिसं नाही आणि शेंदरासारखी गंज रोखण्याची ताकदही नाही.

रंग कोणता द्यायचा यातही सरकारचा शब्द होता. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नॅशनल परमिटच्या ट्रकला 'सुक्या पानाचा तपकिरी' रंग आणि ३० सेंटीमीटर रुंद पांढरी किनार नेमून दिली. नियमात रंगाला एकच नाव, रस्त्यावर मात्र त्याच्या कितीतरी छटा. प्रत्येक पेंटर डबे मिसळून उन्हात धरून आपल्या डोळ्यानं तपकिरी ठरवी. रंग जुळवणं ही तेव्हा कॉम्प्युटरची नव्हे, नजरेची विद्या होती. किनारीच्या आत मग कमळं, गरुड, आईचा आशीर्वाद आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५ मध्ये उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून या ओळीवरही बंदी आणली.

तोवर मोठे कारखाने कवच आणि रंग यांची फारकत करून बसले होते. १९६०च्या दशकात फोर्डनं गाडीचा सांगाडाच प्रायमरच्या हौदात बुडवून, वीज सोडून त्यावर थर चढवण्याची पद्धत आणली. ब्रश किंवा गन पोहोचत नाही अशा खाचेतही हा थर पोहोचतो. आता तयार कॅबचे ट्रक कारखान्यातूनच असा थर घेऊन बाहेर पडतात. संरक्षण खाली, दिसणारा रंग वर, आणि धोक्याच्या कामाचा बराच भाग बंदिस्त यंत्रात.

पण ट्रक रस्त्यावर आला की दगड लागतो, फाळका घासतो, अपघात होतो. मग तो पुन्हा गॅरेजमध्येच येतो.

जुळणारा रंग, न जुळणारा हिशेब

आजच्या फवारायच्या कवचाचं मूळ १९३७ मध्ये आहे. जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं. त्याचाच चुलतभाऊ पॉलियुरिया १९८०च्या दशकात अमेरिकेत फवाऱ्याच्या रूपात आला. दोन द्रव गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत रबरासारखा चिवट थर बनतो. हौद्याचं अस्तर म्हणून तो तिकडे लोकप्रिय झाला.

तो बरीच वर्षं काळा का राहिला, याचं कारण उन्हात आहे. यातली स्वस्त, ॲरोमॅटिक जात उन्हात पिवळी पडते. काळ्यात ते खपून जातं, पांढऱ्या दरवाज्यावर नाही. रंग टिकवायचा तर ॲलिफॅटिक जात हवी, आणि ती महाग. ती वापरात आल्यावर गाडीच्या रंगाचा कोड टाकून टिंट मिसळायचं आणि खरखरीत, जाड, पण रंगाला रंग जुळणारा थर फवारायचं शक्य झालं. शेंदरात एकत्र असलेले रंग आणि कवच दीडशे वर्षांनी पुन्हा एका थरात आले. तरी जुन्या पेंटरची गरज संपलेली नाही. कोड नव्या गाडीचा रंग सांगतो, आणि समोर उभी असते दहा उन्हाळे खाल्लेली गाडी. ट्यूबलाइटखाली जुळलेला पॅनल उन्हात वेगळा दिसतो. तेव्हा शेवटचा थेंब अजूनही नजरच घालते.

या दोन द्रवांपैकी एक, ज्याला गॅरेजमध्ये सोपं नाव 'हार्डनर', तो आयसोसायनेटचा असतो. भोपाळला १९८४ मध्ये फुटला तो वायू याच कुळातला. हार्डनरमधले भाऊबंद तसे सहज उडून जाणारे नाहीत, म्हणून बाटली उघडली तर काही होत नाही. पण गनमधून त्यांचे तुषार झाले की ते फुप्फुसात शिरतात. वास हा इशारा मानता येत नाही, कारण वास येईल त्याच्या आधीच प्रमाण धोक्याचं झालेलं असतं. काही माणसांचं शरीर या रसायनावर बिथरतं. एकदा बिथरलं की मग अगदी कणभरानंही दम्याचा झटका येऊ शकतो. तिशीतल्या पेंटरला धंदा सोडावा लागतो. याच्यापुढे नाकाला बांधलेला रुमाल म्हणजे चाळणीनं पाणी अडवण्यासारखं. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं देणारा मुखवटा, पूर्ण हातमोजे आणि हवा ओढणारी बंद खोली लागते.

हे कायद्याला माहीत नाही असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्यात कळवणं सक्तीचं असलेल्या रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा तिच्यात होती आणि आयसोसायनेटची विषबाधाही होती. पण त्या मूळ कायद्यात, विजेवर काम चालत असेल तर, किमान १० कामगार असले तरच तो 'कारखाना' ठरत असे. २०२०च्या नव्या संहितेत हा आकडा २० झाला. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या गॅरेजात उस्ताद, एक पेंटर आणि पेपर मारणारा पोरगा, एवढीच माणसं असतात. रसायन तेच, यादी तीच, फक्त माणसं मोजणीत बसत नाहीत.

युरोपीय संघानं यावर जो उपाय काढला त्यात गॅरेजचं आकारमान विचारलंच जात नाही. ऑगस्ट २०२३ पासून तिथे ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यात वापरायचा तर वापरणाऱ्यानं आधी प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. नियम जागेच्या पाटीला न चिकटता डब्याला चिकटलेला आहे. डबा जिथे जाईल तिथे नियम जातो, मग तिथे ३०० माणसं असोत की तीन.

आपल्याकडे डब्याबरोबर आज रंगाचा कोड जातो, मिश्रणाचं प्रमाण जातं, किती मिनिटांत वाळेल ते जातं. गाडीचा मालक कोटेशनमध्ये थर किती, हमी किती वर्षांची, हे विचारतो. त्याच कागदावर मुखवट्याच्या भाड्याची एक ओळ वाढली, तर हजारो रुपयांच्या कामात तिचा बोजा फार होणार नाही. खाऱ्या हवेत पत्रा किती वर्षं टिकावा याचा हिशेब आपण १८६४ पासून करत आलो आहोत. फवारणाऱ्याचा श्वास किती वर्षं टिकावा, ही ओळ त्या हिशेबात अजून लिहायची आहे.