वारुळातल्या अळंबीचे कूळ

पावसाळ्यात वारुळाभोवती उगवलेली अळंबी नुसती खुडली, तर तिची अर्धी ओळख जमिनीतच राहते. तिचा देठ मातीशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खोल जातो. अलगद उकरत गेले, की तो वाळवीच्या घरातल्या एका स्पंजासारख्या सच्छिद्र गोळ्याला चिकटलेला दिसतो. या अळंबीचे कूळ तिथे आहे. पण शास्त्राला ते ठरवायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

लिनियसचा शिष्य योहान क्योनिग तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीत वैद्य होता. 1779 मध्ये त्याने वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला आणि वारुळात वाढणाऱ्या बुरशीची नोंद केली. पुढे स्वीडनच्या एलियास फ्रीसने 1821 पासून अळंब्यांची मोठी मांडणी केली आणि त्यात बीजाणूंच्या रंगाला मान दिला. हा रंग पाहण्याची रीत आजही तीच आहे. टोपी देठापासून कापायची, कल्ले खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. सकाळी कल्ल्यांच्या रेषा बीजाणूंच्या भुकटीने उमटलेल्या असतात. वारुळाच्या अळंबीची भुकटी फिकट गुलाबी असते.

फ्रीसची मांडणी युरोपातल्या रानात उभी राहिली होती. उष्ण कटिबंधातली अळंबी तिच्यात बसवताना ओढाताण झाली. माइल्स बर्कले या इंग्रज धर्मगुरूने 1847 मध्ये सिलोनहून आलेल्या नमुन्यांवरून एका जातीचे वर्णन केले. लांब मूळ त्याच्या नजरेस आले, पण वाळलेल्या नमुन्यावरून त्याचे दुसरे टोक कुठे होते हे कसे कळणार? मग कोणी या अळंब्यांना कॉलिबिया या प्रजातीत घातले, कोणी व्हॉल्व्हेरियात.

उत्तर वारूळ खणणाऱ्याला मिळायचे होते. सिलोनमध्ये पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या टॉम पेच याने 1906 मध्ये वारुळातल्या बुरश्यांवर सविस्तर लिहिले. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाते, आपल्या विष्ठेचे बारीक दाणे रचून तो सच्छिद्र गोळा बांधते आणि त्यावर बुरशी पोसते. बुरशी तो चोथा पचनाजोगा करते. वाळवी तिचे पांढरे कणही खाते. पावसाळ्यात हीच बुरशी वर येऊन छत्री उघडते. ओस पडलेल्या गोळ्यांवर झायलेरिया ही वेगळीच काळी बुरशी वाढते, हेही पेचने दाखवले.

1942 मध्ये पॅरिसच्या रॉजे एम (Heim) याने या अळंब्यांसाठी टर्मिटोमायसिस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. गुलाबी बीजाणू, खोल मूळ, माती फोडणारे टोपीचे टणक टोक आणि वाळवीची सोबत या खुणा त्याने एकत्र वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींच्या छळछावणीत होता. तिथून वाचून परतल्यावरही त्याने हा विषय सोडला नाही. 1979 मध्ये के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका जातीला त्याचेच नाव दिले: टर्मिटोमायसिस हेमाय. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसले, की वाळवी आणि बुरशीची ही भागीदारी एकदाच, आफ्रिकेत सुरू झाली आणि तिथून आशियात पसरली.

ओळखीतली चूक जिवावर बेतू शकते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी अळंबीही पावसात गवतावर उगवते आणि कोवळेपणी तिचे कल्ले पांढरेच असतात. तिची भुकटी मात्र हिरवट पडते. म्हणून नुसता फोटो पाहून कोणतीही रानअळंबी खाऊ नये. एकट्या रंगावरही विसंबू नये, कारण गुलाबी भुकटीच्याही काही अळंब्या विषारी आहेत. सगळ्या खुणा जुळल्या आणि जाणत्याने हाती घेऊन पाहिली, तरच ती पानात यावी.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि सातेरी देवीचे रूप मानून पूजतात. पूर्व विदर्भात पावसाळी बाजारात ही अळंबी सात्या या नावाने येते. या अळंबीची धिंगरीसारखी शेती जमलेली नाही, कारण तिला वाळवीचे जिवंत घर लागते. म्हणून ही अळंबी टिकवायची तर आधी वारूळ टिकवायला हवे. काढताना गोळा जागीच राहू द्यावा आणि रानातली वारुळे नांगराखाली जाऊ देऊ नयेत.