दोन शिलिंगांचं विमान आणि कोपऱ्यावरचं दुकान

आजच्या भागात दुकानांचा इतिहास. मॉडेल किट विकणारी दुकानं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि त्यातून विमान, रणगाडा नाहीतर जहाज उभं करायचं. आपल्याकडे अशी दुकानं कायम मोजकीच होती. पण ब्रिटनमध्ये एकेकाळी जरा बऱ्यापैकी गाव असलं की तिथे एखादं तरी मॉडेल शॉप असायचंच. आज उरलेल्या दुकानांत लोक मुद्दाम गाडी काढून, तास-दोन तास प्रवास करून जातात.

ती का गेली असं विचारलं की उत्तर तयार असतं. व्हिडिओ गेम आले, मग इंटरनेट आलं, विषय संपला. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. दुकानांच्या पायाखालची वाळू त्याआधीच सरकायला लागली होती. आणि यातली खरी गंमत अशी, की छंद मेलाच नाही. त्याचं वय वाढलं.

तर सुरुवात होते कंगव्यांपासून. हो, केसांच्या कंगव्यांपासून! निकोलस कोव्ह हे हंगेरीहून आलेले ज्यू गृहस्थ. त्यांनी 1939 मध्ये लंडनमध्ये 'एअरफिक्स' नावाची कंपनी काढली. आधी हवा भरायची रबरी खेळणी केली. युद्ध संपल्यावर त्यांनी इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन आणलं. म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाब देऊन पोलादी साच्यात ढकलायचं, थंड झालं की वस्तू तयार. या मशीनवर ते कंगवे काढायचे, आणि दणकून विकायचे.

1949 च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीला आपल्या विक्रेत्यांसाठी छोटे प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर हवे होते. ते काम एअरफिक्सने घेतलं. पण एकेक ट्रॅक्टर हाताने जोडत बसणं महागात पडायचं. पुढे हाच ट्रॅक्टर सुट्या भागांचा किट म्हणून विकायला काढला: घ्या, तुमचं तुम्ही जोडा. कारखान्याची मजुरी वाचली आणि गिऱ्हाइकाला तीच मजुरी करण्यात मजा वाटली. धंद्याच्या इतिहासात असे सौदे फार थोडे सापडतील.

मग पन्नाशीच्या दशकात वूलवर्थ्स या साखळी दुकानाकडून सूचना आली, की फ्रान्सिस ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचं किट करा. वूलवर्थ्स म्हणजे गोळ्या-चॉकलेटपासून ताट-वाट्यांपर्यंत सगळं स्वस्तात मिळणारं दुकान, ब्रिटनच्या जवळजवळ प्रत्येक बाजारपेठेत असलेलं. किंमत कमी ठेवायची म्हणून खोकं काढून टाकलं. प्लॅस्टिकची पिशवी, वर कागदाची छापील पट्टी. किंमत दोन शिलिंग, म्हणजे पौंडाचा दहावा हिस्सा. शनिवारी हातात पडणाऱ्या खाऊच्या पैशांत बसणारी. जहाजापाठोपाठ विमानं आली, त्यात अर्थातच स्पिटफायर. विमानांचं प्रमाण ठरलं 1/72. सहा फुटांचा माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो, आणि स्पिटफायरच्या पंखांचा पसारा होतो साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. आत्ता तुमच्या हातात जो फोन आहे, जवळपास तेवढाच.

आता प्रश्न असा, की वूलवर्थ्समध्ये विमान दोन शिलिंगांत मिळत असेल तर कोपऱ्यावरच्या मॉडेल शॉपचं पोट कशावर भरायचं? याचं उत्तर रंगाच्या डब्यांत आहे. पिशवीतलं विमान एकाच रंगाच्या प्लॅस्टिकचं. त्याला रंग हवा, ब्रश हवा, पॉलिश पेपर हवा, प्लॅस्टिक विरघळवून जोड पक्का करणारा ग्लू हवा. आणि मुख्य म्हणजे, पंखाखाली कुठला निळा लावायचा ते सांगणारं कुणीतरी हवं. हल शहरातली हंब्रोल कंपनी (1919 मध्ये 'हंबर ऑइल' म्हणून सुरू झालेली) 14 मिलिलिटरच्या चिमुकल्या डब्यांत रंग विकायची. शंभराहून जास्त छटा, प्रत्येकीला नंबर. दुकानात या डब्यांची एक उभी मांडणी असायची. एका डबीत नफा किती? नगण्य. पण डबी संपली की मुलगा परत दुकानात यायचा. किट महिन्यातून एखादं, रंग मात्र दर शनिवारी. माझ्या मते हे दुकान त्या रॅकवर उभं होतं, खिडकीतल्या मोठ्या खोक्यांवर नाही.

खिडकीतली खोकी मात्र काय सुंदर असायची! 1964 पासून 1974 पर्यंत एअरफिक्सची बरीचशी चित्रं रॉय क्रॉस या चित्रकाराने काढली. पेटलेलं इंजिन, ढग फाडत येणारी विमानं, खाली खवळलेला समुद्र. आतलं करड्या प्लॅस्टिकचं विमान या चित्रासारखं कधीच व्हायचं नाही, तरीही पोरं पुढचं खोकं घ्यायची. एअरफिक्सच्या त्या काळातल्या विमानांत फॉलंड नॅटही होतं. ब्रिटिश हवाई दलात नॅट प्रशिक्षणासाठी आणि कसरतींसाठी वापरायचे. आपल्याकडे मात्र ते लढाऊ विमान होतं, 1965 च्या युद्धात 'सेबर स्लेयर' म्हणून नाव कमावलेलं. 1971 मध्ये श्रीनगरच्या आकाशात निर्मलजीत सिंग सेखों ज्या विमानात लढले आणि ज्यासाठी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, ते हेच.

हा झाला भरभराटीचा काळ. आता तडे कुठून पडले ते बघू.

पहिला तडा कायद्याचा. तोपर्यंत ब्रिटनमध्ये उत्पादक ठरवायचा की वस्तू किती किमतीला विकायची, आणि दुकानदाराला त्याखाली जाता येत नसे. आपल्या एमआरपीच्या नेमकं उलटं समजा: आपल्याकडे वरची मर्यादा असते, तिथे खालची होती. या पद्धतीमुळे कोपऱ्यावरचा छोटा दुकानदार आणि मोठी साखळी, दोघांकडे किटची किंमत सारखीच राहायची. 1964 च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चांगलंच झालं, सवलती मिळायला लागल्या. पण घाऊक माल उचलणाऱ्याला जी सवलत परवडते ती बारा बाय पंधराच्या दुकानाला परवडत नाही. त्यातच मासिकांमधल्या जाहिराती बघून टपालाने किट मागवायची सोय होतीच. म्हणजे 'दुकानात बघायचं आणि दुसरीकडून स्वस्तात मागवायचं' ही सवय फोनच्या कितीतरी आधीची आहे.

दुसरा तडा 1973 चा. पॉलिस्टायरीन तेलापासून बनतं, आणि त्या वर्षी तेलाच्या किमती भडकल्या. दोन शिलिंगांच्या विमानाचं सगळं गणित स्वस्त प्लॅस्टिकवर होतं. एक पोलादी साचा कोरायला प्रचंड खर्च येतो. तो खर्च लाखो पिशव्यांवर वाटला गेला तरच एक पिशवी स्वस्त पडते. किंमत वाढली की मुलं कमी, मुलं कमी झाली की साच्याचा खर्च थोड्या खोक्यांवर, की किंमत आणखी वर. एअरफिक्सने 1971 मध्ये मेकॅनो आणि डिंकी या खेळण्यांच्या कंपन्याही घेतल्या होत्या. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला, कामगारांनी कारखाना सोडायला नकार देऊन आतच ठाण मांडलं. 1981 च्या सुरुवातीला एअरफिक्स स्वतःच बुडाली. ब्रँड विकला गेला, साचे फ्रान्सला गेले.

तारखा लक्षात घ्या. 1981. घराघरांत कॉम्प्युटर गेम अजून पुरते पोचायचे होते.

तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. 1985 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कायदा आला: हुंगून नशा करण्यासाठी वापर होईल अशी शंका घ्यायला जागा असेल, तर 18 वर्षांखालच्या मुलाला असा पदार्थ विकणं गुन्हा. ग्लू हुंगण्याने खरंच मुलं मरत होती, त्यामुळे कायद्याची गरज होती याबद्दल वाद नाही. पुढे 1996 च्या कायद्याने 16 वर्षांखालच्या मुलांना चाकू आणि सुटी पाती विकायला बंदी आली, नंतर ती मर्यादा 18 वर गेली. आता दुकानदाराच्या जागी उभे राहा. समोर बारा वर्षांचा पोरगा, हातात स्पिटफायरची पिशवी. त्याला पातं द्यायचं नाही. ग्लू देताना त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचा. 'बाबांना घेऊन ये' असं सांगणंच सोपं. जो मुलगा एकटा, स्वतःच्या पैशांनी यायचा, तो आता मोठ्या माणसाला सवड होईल तेव्हा येणार. अशी गिऱ्हाइकी फार दिवस टिकत नाही.

मग उरलं कोण? तीच जुनी मुलं, आता चाळिशीची. नोकरी आहे, पैसा आहे, आणि लहानपणी परवडलं नाही ते सगळं आता घ्यायचंय. कंपन्याही त्यांच्याच मागे गेल्या. किट अचूक झाली, भाग वाढले, किंमत वाढली. या गिऱ्हाइकाला नेमकं अमुक स्क्वाड्रनचं, अमुक महिन्यातलं विमान हवं असतं. असं सगळं छोट्या दुकानात ठेवायचं म्हणजे भांडवल वर्षानुवर्षं फळीवर अडकून पडतं. लोवेस्टॉफ्टच्या हॅनंट्ससारख्या टपालाने माल पाठवणाऱ्या जुन्या दुकानांना हे जमलं, कारण त्यांच्याकडे गोदाम होतं आणि गिऱ्हाईक देशभर, नंतर जगभर. इंटरनेट आल्यावर त्यांच्या कॅटलॉगची वेबसाइट झाली, एवढंच. कोपऱ्यावरच्या दुकानाला मात्र भाडं, वर दुकानाच्या जागेवरचा कर, आणि सगळी भिस्त आसपासच्या चार गल्ल्यांवर.

यानंतरचं झटपट सांगतो, कारण यात नवीन काही नाही, एकामागून एक पडझड आहे. 2006 मध्ये हंब्रोल बुडाली, तेव्हा एअरफिक्स तिच्याच मालकीची होती. दोन्ही ब्रँड ट्रेनवाल्या हॉर्नबीने 26 लाख पौंडांना घेतले. वूलवर्थ्स 2008 च्या अखेरीस कोसळली आणि जानेवारी 2009 पर्यंत तिची 807 दुकानं बंद झाली. 2013 मध्ये मॉडेलझोन ही हॉबी दुकानांची साखळी गेली, 47 दुकानं एका उन्हाळ्यात. आणि जानेवारी 2024 मध्ये हॅटन्सने बंद होत असल्याचं जाहीर केलं. ट्रेनची मॉडेलं विकणारं हे दुकान 1946 मध्ये लिव्हरपूलमध्ये सुरू झालं होतं, आणि शेवटी बहुतेक विक्री ऑनलाइनच करत होतं. म्हणजे ऑनलाइन गेलात की वाचलात, असंही नाही.

आता आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट. हॉर्नबीच्या हातात आल्यानंतर, 2010 च्या दशकात एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असायचं. उत्पादन भारतात हलवलं होतं. नंतर त्यातला काही भाग पुन्हा ब्रिटनला नेला. म्हणजे मधली काही वर्षं स्पिटफायर इथे बनून बोटीने तिकडे जात होतं, आणि आपल्यापैकी कुणाला हवं असेल तर ते परदेशी मालाच्या किमतीला शोधावं लागत होतं. आपल्याकडे शनिवारी पन्नास रुपये घेऊन जायचं असं मॉडेल शॉप घडलंच नाही. तुमच्यातले जे गनप्ला करतात, म्हणजे बंदाईचे गुंडम रोबो जोडतात, ते थेट ऑनलाइन आले. त्या किटमध्ये भाग एकमेकांत बसतात, ग्लू लागत नाही, रंग प्लॅस्टिकमध्येच असतो. जी अडचण घेऊन माणूस दुकानात जायचा ती अडचणच किटमधून काढून टाकलेली आहे. हुशारी आहे, मान्य. पण मग निळा कुठला हे विचारायला कुणाकडे जायचं कारणही उरत नाही; विचारलंच तर युट्युबच्या कमेंटमध्ये.

2009 मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमासाठी जेम्स मे यांनी एक प्रयोग केला होता. खऱ्या आकाराचं स्पिटफायर, पण किटसारखं सुट्या भागांत, आणि ते कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात शाळकरी मुलांकडून जोडून घेतलं. तो भाग शोधून बघा. सुरुवातीला कंटाळलेली पोरं हळूहळू कशी गुंततात ते बघण्यासारखं आहे.

आज ब्रिटनमधला सगळ्यात मोठा मॉडेल बाजार दर नोव्हेंबरला टेलफर्डला भरतो. 1963 मध्ये स्थापन झालेल्या मॉडेलकारांच्या संस्थेचं हे प्रदर्शन. हॉलमागून हॉल, हजारो माणसं, टेबलांवर रंग, डिकल, किट, आणि तासन्‌तास गप्पा. दुकानात जे आठवड्याला व्हायचं ते आता वर्षातून एकदा, शनिवार-रविवारी. तिथे जुन्या किटची टेबलंही असतात. हा माल कुठून येतो? बराचसा अशा माणसांच्या घरांतून, ज्यांनी आयुष्यभर किट साठवली आणि जोडायची राहून गेली. ते गेल्यावर घरचे लोक सगळा साठा एकदम विकून टाकतात. या खोक्यांत भाग अजून सांगाड्यातच असतात, डिकल पिवळी पडलेली असतात, आणि झाकणाच्या कोपऱ्यावर एक छोटं स्टिकर असतं: किंमत, आणि त्याखाली बंद पडलेल्या दुकानाचं नाव.