प्रतिसाद स्तोत्र : कॅथलिक उपासनेतील लोकांचा स्वर

रविवारच्या मिस्सेत बायबलचे पहिले वाचन संपते आणि चर्चमध्ये क्षणभर शांतता पसरते. मग गायक वाचनमंचावरून एक ओळ गातो आणि उपस्थित समुदाय ती उचलून धरतो. पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर हेच ध्रुवपद लोकांच्या मुखातून उमटते. या गायनाला ‘प्रतिसाद स्तोत्र’ म्हणतात. ऐकलेल्या वचनाला भाविकांनी दिलेले ते उत्तर असते. कीर्तनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद धरावे, तशीच ही रीत असल्याने मराठी कानाला ती परकी वाटत नाही.

स्तोत्रांचा ग्रंथ
जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात १५० स्तोत्रे आहेत. परंपरा त्यांपैकी अनेकांचे कर्तृत्व दावीद राजाकडे देते; अभ्यासकांच्या मते मात्र ती निरनिराळ्या काळांत अनेकांनी रचली. स्तुती, कृतज्ञता, पश्चात्ताप, विलाप, इतकेच नव्हे तर देवाकडे केलेली तक्रारही त्यांत आढळते. मूळ हिब्रू काव्यात यमकापेक्षा अर्थाच्या आवर्तनाला महत्त्व आहे. पहिल्या ओळीतील आशय दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत मांडते. त्यामुळे भाषांतरातही या काव्याची लय बरीचशी टिकते.

लॅटिनकडून लोकभाषेकडे
शतकानुशतके रोमन उपासनेची भाषा लॅटिन होती. वाचनानंतरचे स्तोत्र प्रामुख्याने प्रशिक्षित गायकवृंद गात असे व समुदाय ऐकत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) ही स्थिती बदलली. ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. १९६९च्या नव्या वाचनक्रमात रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात मांडण्यात आली व त्यांना अनुरूप स्तोत्रे नेमून दिली गेली.

मराठी वळण
रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे रायगड जिल्ह्यातील कोर्लई गाव आहे. येथील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीजोद्भव बोली बोलतो. मात्र गावातील उपासनेत पोर्तुगीजची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीने घेतली. वसई परिसरातही मराठी मिस्सा रुजली. १९९८मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अर्थात मराठीतून ख्रिस्तभक्ती गाण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये प्रसिद्ध झाले होते. उस्मानाबाद येथील २०२०च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे स्तोत्रांसह संपूर्ण बायबल आजच्या मराठीत आणले.

उत्तर कोणाचे?
प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरे भक्तिगीत गाऊ नये, असा चर्चचा नियम आहे, कारण हे स्तोत्र वचनविधीचाच भाग आहे. ध्रुवपद छोटे ठेवण्यामागेही हेतू आहे. पुस्तक हाती नसलेल्यालाही ते एकदा ऐकून म्हणता यावे, ही त्यामागची अपेक्षा असते. चाल फार अवघड झाली की लोक गप्प होतात आणि स्तोत्र पुन्हा गायकवृंदाचे होते. ज्या घरांतील मुलांची वाचनाची भाषा इंग्रजी झाली आहे, त्यांच्यासाठी हे ध्रुवपदच मराठी प्रार्थनेशी जोडणारा धागा ठरू शकते. त्यासाठी ते समुदायाच्याच कंठात राहिले पाहिजे.