आजोबांच्या चंचीतली गारगोटी

परवा झरी जामणीला आत्याकडे गेलो होतो. आजोबांची चंची तिने अजून जपून ठेवली आहे. आत अडकित्ता, चुन्याची डबी आणि लिंबाएवढा एक पांढरा दगड. "स्फटिक आहे, देवाचा," आत्या म्हणाली. काका हसले, "मुकुटबनकडची चुनखडी असेल!"

मला राहवेना. चाकू घासला, तर ओरखडा न पडता दगडावरच पोलादाची करडी रेघ उमटली. बाटलीच्या काचेवर मात्र दगडाने चरा पाडला. लिंबू पिळलं, बुडबुडा नाही. चुनखडी असती तर बारीक बुडबुडे आले असते. म्हणजे गारगोटीच. फ्रीडरिख मोसने १८१२ साली मांडलेल्या काठिण्याच्या मापात हिचा क्रमांक ७, पोलादी चाकूचा साडेपाचच्या आसपास.

पण दगडाची एकच कड टवके उडून खडबडीत का झाली होती? मग उलगडा झाला. ही चकमकीची गारगोटी! पोलादाचा तुकडा तिच्या धारेवर आपटला की पोलादाचेच बारीक कण निघतात, हवेत पेटतात आणि जळक्या कापसावर पडतात. ठिणगी दगडाची नसतेच. इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ साली विकायला काढल्या, पण खेड्यापाड्यांत चकमक त्यानंतरही बराच काळ टिकली.

गंमत पाहा, मराठीत आकाशातून पडते तीही गार आणि हा दगडही गार. ग्रीकांचा 'क्रिस्टलॉस' म्हणजेही बर्फ. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीला तर स्फटिक हा कायमचा गोठलेला बर्फच वाटे. आणि त्याच गारेतून माणसांनी विस्तव काढला!

आत्याला हे सांगावं की नाही, अशा विचारात होतो. शेवटी सांगितलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "बाबांच्या अंगठ्याला जळक्या कापसाचा वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, तो तंबाखूचा."

"आणि आत्या, तुझंही बरोबरच आहे," मी म्हटलं. "स्फटिक आणि गारगोटी एकच. दोन्ही सिलिकॉन आणि ऑक्सिजन. एक आरपार दिसतो, दुसरी दुधाळ, एवढंच."

तिने दगड पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात नाही, परत चंचीत ठेवला.

असो. तुमच्या घरातल्या जुन्या डब्यांत असा एखादा दगड असेल, तर फेकण्याआधी त्याची कड जरूर बघा.