चाळीस इंच आणि एक चेटकीण

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या अम्युझमेंट पार्कात जा, रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी एक पाटी असते आणि तिच्यावर एक आडवी रेघ. पोराचं डोकं रेघेला लागलं तर आत, नाही तर बाहेर. आईबाप पोराला तिथे उभं करतात, पोरगं हळूच टाचा उचलतं, पार्कवाला हसत हसत त्या खाली टेकवायला लावतो. आणि तरीही डोकं रेघेला लागलंच, तर घरच्यांच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद! "चला, चालतंय म्हणे!"

चालतंय म्हणजे नक्की काय चालतंय, हा आजचा विषय. आमच्याकडचे सिनियर लोक ऑनसाइटला जातात, सोबत तीन-चार वर्षांचं पोर असतं, आणि पहिल्या लाँग वीकेंडला ऑरलँडो किंवा अॅनाहाइम ठरलेलं. मग तिथे गेल्यावर हमखास प्रश्न येतो: याला यात बसवू का? घाबरेल का? आणि उत्तर शोधायला सगळे त्या रेघेकडे बघतात. माझं म्हणणं असं, की ती रेघ या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. ती दुसऱ्याच प्रश्नासाठी जन्माला आली. थोडा इतिहास बघू.

१८८४ साली लामार्कस थॉम्प्सन नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे आपली सकाळची हिंजवडीकडे जाणारी वाहतूक साधारण तेवढ्याच थराराची! पण लोकांनी रांगा लावल्या, आणि मग स्पर्धा सुरू झाली. १८९५ मध्ये तिथेच 'फ्लिप फ्लॅप' नावाची राइड आली. तिचा लूप अगदी पूर्ण गोल, आणि इथेच गणित चुकलं. सरळ रुळावरून एकदम गोलात शिरलं की वक्रता क्षणात बदलते आणि सगळा मार मानेवर येतो. तिथे बसणाऱ्यावर सुमारे १२ जी इतका भार पडत असावा असा अंदाज सांगतात. लोक मान चोळत उतरायचे. लूप पाण्याच्या थेंबासारखा, वर अरुंद आणि खाली पसरट करायचा हे शहाणपण रुळायला १९७६ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या 'रिव्होल्यूशन' राइडमध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनियरने ते करून दाखवलं.

मधल्या काळात जॉन मिलरने रुळाच्या खालूनही एक चाक लावायची युक्ती काढली आणि १९१९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यामुळे गाडी रूळ सोडून उडेनाशी झाली. पण गाडी उडत नाही म्हटल्यावर उतार आणखी तीव्र करता आले, आणि आता उडायची पाळी माणसाची आली! १९२७ च्या कोनी आयलंड 'सायक्लोन'मध्ये (लाकडी कोस्टर, उंची सुमारे २६ मीटर, आजही चालू आहे) चढावाच्या टोकाला बूड सीटवरून सुटतं. म्हणून मांडीवर आडवा दांडा आला. आता जुन्या पद्धतीचा दांडा दोघांत मिळून एकच असतो. बाबांच्या मांडीवर तो टेकला की थांबतो, आणि शेजारच्या चिमुरड्याच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. ही पोकळी हा खरा धोका.

रेघ आहे ती या पोकळीसाठी. दांडा किंवा पट्टा या शरीराला धरून ठेवेल का, पाय टेकतील का, पाठ सीटला लागेल का, एवढंच ती विचारते. १९७८ मध्ये अमेरिकेत एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने राइड्ससाठी 'एफ-२४' नावाची समिती नेमली. १९८१ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायमस्वरूपी पार्कांतल्या राइड्स केंद्राच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून काढल्या आणि ते काम राज्यांकडे गेलं. पण कागद कुणाचाही असो, मोजायचं ते शरीरच. भीती कुठल्याच कागदात नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर ती रेघ म्हणजे कंपायलर. कोड कंपाइल झाला म्हणजे प्रोग्राम बरोबर चालेल असं कुणी म्हणत नाही (म्हणजे, म्हणू नये. काही जण म्हणतात. असो.).

गंमत म्हणजे उंची हा वयाचाही धड मापदंड नाही. डिस्नेलँडच्या 'स्पेस माउंटन'ला ४० इंचांची अट आहे, म्हणजे जवळजवळ १०२ सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची साधारण १०३ सेंटीमीटर आहे. पण त्याच तक्त्यात अंगाने उंच असलेला तीन वर्षांचा मुलगाही १०३ च्या पुढे जातो, आणि बुटका पाच वर्षांचा १०१ च्या आत राहतो. म्हणजे तीन वर्षांचं बाळ काळोखातल्या कोस्टरला पात्र आणि पाच वर्षांचा दादा बाहेर! दांड्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. भीतीच्या दृष्टीने काहीच्या काही.

आता चेटकिणीकडे येऊ.

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पहिल्या राइड्समध्ये एक होती स्नो व्हाइटची. रुळावरून हळूहळू जाणारी छोटी गाडी, दोन-एक मिनिटांचा काळोख, बाजूला चित्रं आणि पुतळे. अशा राइडला 'डार्क राइड' म्हणतात. उतार नाही, लूप नाही, पोटात गोळा येईल असं काही नाही. उंचीची अट लावायचं कारणच नाही. परीकथा, त्यात सात बुटके, त्यात गाडी बैलगाडीच्या वेगाने चाललेली. कुठलाही बाप म्हणेल, ही तर बाळबोध राइड.

पण करणाऱ्यांनी एक अफलातून डोकं चालवलं होतं. या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती! कारण गाडीत बसलेले तुम्ही म्हणजेच स्नो व्हाइट. जे तिला दिसलं ते तुम्हाला दिसणार. कल्पना सुंदर, फक्त प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेली. लोक विचारायचे, "अहो, स्नो व्हाइट कुठाय?" आणि त्या कल्पनेचा दुसरा परिणाम असा, की सिनेमात चेटकीण स्नो व्हाइटच्या मागे लागते, इथे ती थेट तुमच्या मागे लागायची. काळोखात वळण घेतलं की ती समोर, विषारी सफरचंद पुढे करून उभी. शेवटी तर ती वरून मोठा धोंडा ढकलायच्या तयारीत, आणि तेवढ्यात दार उघडून तुम्ही उन्हात. राजपुत्र नाही, 'आणि ते सुखाने नांदू लागले' नाही. धोंडा, आणि बाहेर.

पोरं रडत बाहेर यायची. शेवटी राइडबाहेर चेटकिणीच्या चित्रासकट पाटी लागली, की बाबांनो, आत ही बाई आहे. १९७१ मध्ये फ्लोरिडात डिस्ने वर्ल्ड उघडलं, तिथेही हीच राइड आणि तिथेही चेटकीण वळणावळणावर. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातली राइड नव्याने बांधली, आत स्नो व्हाइटचा पुतळा आणला आणि नावातच 'स्केरी' हा शब्द टाकला: 'स्नो व्हाइट्स स्केरी अॅडव्हेंचर्स'. सॉफ्टवेअरवाले यालाच म्हणतात बग डॉक्युमेंट करून त्याला फीचर म्हणणं! फ्लोरिडातली राइड १९९४ मध्ये सौम्य केली, शेवट गोड केला, आणि २०१२ मध्ये बंद केली.

आणि हे काही कुणाला न सुचण्यासारखं नव्हतं. १९३७ चा मूळ सिनेमा ब्रिटनमध्ये गेला तेव्हा तिथल्या सेन्सॉरने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे मुलांसोबत मोठं माणूस हवं. अनेक गावांच्या स्थानिक मंडळींनी ते धुडकावून सगळ्यांना मोकळीक दिली. म्हणजे ही चेटकीण किती वयाला झेपेल, यावर मोठी माणसं राइडच्या सतरा वर्षं आधीच भांडून बसली होती.

चेटकीणच का? याचं उत्तर सापडतं विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर या संशोधिकेच्या कामात. १९८५ मध्ये तिने आणि सिंथिया हॉफ्नरने मुलांना एका म्हातारीची गोष्ट व्हिडिओवर दाखवली. काहींना ती प्रेमळ आजीसारखी दिसली, काहींना चेटकिणीसारखी कुरूप. आणि दोन्ही रूपांत ती कुठे चांगली वागली, कुठे दुष्ट. मोठी मुलं म्हातारीला तिच्या वागण्यावरून जोखत होती. तीन ते पाच वयाची मुलं मात्र दिसण्यावर जास्त जात होती. चेटकिणीसारखी दिसते ना, मग वाईटच. या वयाला चेहरा हाच पुरावा.

याच्या आदल्या वर्षी कँटर आणि बार्बरा विल्सन यांनी 'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमातला भीतिदायक प्रसंग दाखवताना काही मुलांना सांगून ठेवलं, "हे खोटं आहे हे लक्षात ठेवा." मोठ्या मुलांची भीती त्याने कमी झाली, बालवाडीतल्यांची नाही. आता आठवा, रांगेत आपण सगळे काय सांगतो? "अरे, खरं नसतं ते, घाबरतोस काय!" चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत हे वाक्य वाया जातं. वाईट एवढंच, की ते वाक्य बोलून आपलं समाधान होतं आणि आपण त्याला आत नेतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याचीच, पण आईबापाच्या. १९८५ चाच एक प्रसिद्ध प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर सोडलं, काचेखाली मध्येच खोलगट भाग दिसेल असं केलं, आणि पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं तो 'खड्डा' पार करून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. म्हणजे अवघड जागी मूल आधी आपल्याकडे बघतं. उघड्यावरच्या छोट्या कोस्टरमध्ये आई शेजारी खिदळताना दिसते, आणि पोरगंही किंचाळता किंचाळता हसायला लागतं. डार्क राइडमध्ये तोच चेहरा काळोखात जातो. माझ्या मते वेगापेक्षा हे महत्त्वाचं, आणि पाटीवर हे कुठेच नसतं.

या सगळ्याचा कळस म्हणजे 'एलियन एन्काउंटर'. १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे डिस्नेच्या सगळ्यात लहान मुलांच्या पार्कात, ही राइड सुरू झाली. राइड म्हणायची तर खुर्ची जागची हलतही नव्हती. गोल थिएटर, खांद्यावरून येणारा दांडा, मध्ये काचेच्या नळकांड्यात राक्षसी प्राणी. मग काच फुटते, दिवे जातात, आणि तो प्राणी तुमच्या मागे असल्यासारखा श्वास मानेवर, आवाज कानात, अंगावर ओलं काहीतरी. खांद्यावर दांडा, त्यामुळे उठून जायची सोय नाही. उंचीची अट होती, भीतीचा इशारा देणारी पाटीही होती. तरी लोक पोरांना घेऊन जायचेच, कारण पार्क डिस्नेचं आणि पोर रेघेला लागलेलं. २००३ मध्ये ती बंद झाली. पुढच्या वर्षी त्याच थिएटरात, त्याच खुर्च्यांवर, 'स्टिच' या कार्टूनची राइड आली. काळोख मात्र तोच. ती २०१८ पर्यंत चालली.

सिनेमावाल्यांनी हा प्रश्न निदान वयात तरी मांडला. १९८४ च्या उन्हाळ्यात 'इंडियाना जोन्स'चा दुसरा भाग आणि 'ग्रेमलिन्स' बघून अमेरिकन पालक भडकले, आणि स्पीलबर्गच्याच सुचवण्यावरून 'पीजी-१३' हा नवा वर्ग आला. आपल्याकडे १९८३ मध्ये 'यूए' आलं आणि २०२४ च्या नियमांनी त्याचे ७, १३ आणि १६ असे तीन तुकडे केले. राइड्सना असलं काही नाही. सेंटीमीटर आहेत, बस्स.

आपल्या जत्रेत तर सेंटीमीटरही नाहीत. पाळणेवाला पोराकडे एक नजर टाकतो आणि आईला म्हणतो, "मांडीवर घ्या." (आपण त्या अजस्र चक्राला आकाश'पाळणा' म्हणतो, आणि बाळाला झोपवतो तोही पाळणाच. या शब्दाने किती आईबापांना फसवलं असेल!) सुरक्षेच्या नावाने तिथे आनंदच आहे, पण एक गोष्ट बरी: पोर वर जाऊन भोकाड पसरलं तर खालून ऐकू येतं आणि पाळणा थांबवता येतो.

मोठ्या पार्कात मधूनच थांबवता येत नाही, म्हणून जे काय ठरवायचं ते बसण्याआधी. रांगेच्या अगदी टोकापर्यंत जाऊन परत फिरायची वाट तिथे असते, त्यासाठी कुणी रागवत नाही. डिस्नेमध्ये 'रायडर स्विच' नावाची सोय आहे: एक जण पोराला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. यूट्यूबवर जवळपास प्रत्येक राइडचा पुढच्या सीटवरून घेतलेला व्हिडिओ मिळतो. तो पोराला आधी दाखवा. त्यात वळणं कळतात, राक्षस कुठे आहे तेही कळतं, फक्त काळोख नीट कळत नाही. 'स्पेस माउंटन'ची गाडी ताशी ४५-५० किलोमीटरच्या आसपासच धावते, आपल्या रिंगरोडवरच्या बाइकपेक्षा कमी. पण पुढचं वळण दिसत नाही, म्हणून मोठ्यांनाही ती दुप्पट वाटते. आणि पोराने "नको" म्हटलं, तर शंभर-दीडशे डॉलरच्या तिकिटाचा हिशोब त्याला ऐकवू नका. तो हिशोब तुमचा आहे. त्याने तिकीट मागितलं नव्हतं.

स्नो व्हाइटची कॅलिफोर्नियातली राइड २०२१ मध्ये पुन्हा बदलून उघडली. आता शेवटी राजपुत्र येतो, चेटकिणीचं काम बरंच कमी झालंय आणि नाव झालंय 'स्नो व्हाइट्स एन्चांटेड विश'. 'स्केरी' हा शब्द पाटीवरून गेला. उंचीची अट आजही नाही.