रकान्यातली बाई

दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस सगळ्यांनाच असते. मी शंभर-दीडशे वर्षं उशिरा डोकावतो, एवढाच फरक. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडातल्या एका साध्यासुध्या बाईचा कागदोपत्री माग काढायचा नाद मला लागला. राणीचं सोपं असतं हो, चरित्रं कपाटभर! पण हिचं काय?

तिथे १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू सरकारदप्तरी नोंदू लागले. १८४१ च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचा हुकूम होता. म्हणजे चोवीसची बाई सरकारकृपेने विशीची! १८५१ पासून नेमकं वय विचारू लागले, तर आमची ही बाई १८८१ ते १८९१ या दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढलेली. आता बोला!

लग्नाच्या दाखल्यात बापाचं नाव, बापाचा धंदा. आईला जागाच नाही. ती मिळाली २०२१ साली! सहीच्या ठिकाणी फुली. शिरगणतीत धंद्याचा रकाना कोरा. दिवसभर राबणं हा काही धंदा नव्हे!

असा हसत हसत मी १९११ च्या शिरगणतीपाशी आलो. तिथे लग्न झालेल्या बायकांसाठी नवे रकाने : मुलं किती झाली, किती हयात, किती गेली. शेवटच्या रकान्यात 'चार' होतं. अक्षर नवऱ्याचं असणार. हिशेब मात्र तिचाच.

मी वही मिटली. वयातली तीन वर्षं तिला माफ केली.